लपवायचं कुणापासून?

वजन उतरू लागलं की माणसं विचारतात, "काय करतेस गं?" "रोज चालते, रात्रीचा भात बंद केलाय," असं सांगितलं की कौतुक होतं. "डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला एक इंजेक्शन घेते," असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. पुढचं वाक्य मला आता पाठ झालं आहे : "म्हणजे आपणहून नाही होय कमी केलंस!"

2025 च्या पावसाळ्यात मी टिर्झेपेटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. तेव्हापासून हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, माहेरच्या ओसरीवरही ऐकलं. ऐकून वाईट वाटतं, पण तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नाही. लोक काय म्हणतील या धास्तीनं माणसं हे औषध चोरून घेऊ लागली आहेत आणि चोरून घेतलेलं औषध कसं अंगाशी येतं, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे सांगायचं आहे.

मी सांगलीत माध्यमिक शाळेत शिकवते. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन मी अनेकदा उतरवलं आणि प्रत्येक वेळी ते परत चढलं. पहाटे आमराईत फेऱ्या मारल्या, गोड सोडलं, दोन वेळाच जेवायचा नेम पाळला. चाळिशीत मधुमेह आला. गोळ्या वाढत गेल्या, तरी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए1सी) आठच्या खाली येईना. फळ्यापाशी सलग दोन तास उभं राहिलं की गुडघे भरून यायचे. रात्री घोरणं इतकं वाढलं, की नवरा दचकून उठून माझा श्वास चालू आहे ना, ते बघायचा. हे सगळं ऐकून घेतल्यावर आमच्या डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला.

त्यांनी जे समजावलं ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. शरीरातलं हे संप्रेरक काही मिनिटांतच विरून जातं. सेमाग्लुटाइड हे औषध त्याच धर्तीवर बनवलेलं असलं तरी आठवडाभर टिकतं. टिर्झेपेटाइड जीएलपी-1 च्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. वजन घटायला लागलं की शरीर ते परत मिळवायला धडपडतं. भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागतं. इतकी वर्षं मी जिच्याशी झगडत होते ती नुसती माझी जीभ नव्हती, तिच्यामागे एवढी मोठी यंत्रणा उभी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणी सांगितलं.

"तू कुठे एवढी जाड आहेस?" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल सांगते. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3 होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपली शरीरं बारीक दिसूनही आत चरबी साठवतात, म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय 30 वर न धरता 25 वर धरली जाते. कुणाला औषधाची गरज आहे हे डोळ्यांनी बघून ठरत नाही.

रविवारी सकाळी मी इंजेक्शन घेते. फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचं, बेंबीपासून जरा लांब पोटाची जागा पुसून घ्यायची, कातडीची चिमूट धरायची. सुई केसासारखी बारीक असते. गेल्या आठवड्यात डावीकडे टोचलं असेल तर या आठवड्यात उजवीकडे. अडीच मिलिग्रॅमनं सुरुवात होते. निदान चार आठवडे तेवढ्यावर थांबून मगच पाचवर जायचं, पुढचं वाढवणं डॉक्टर ठरवतात. सुरुवातीला मळमळ झाली, पोट जड राहिलं, बद्धकोष्ठतेनं हैराण केलं. पण हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. वर्गात शिकवत असतानाही मधल्या सुट्टीत काय खायचं याची जी टकळी डोक्यात चालू असायची, ती थांबली होती. अर्धी भाकरी खाऊन मी ताटावरून उठू शकत होते आणि त्यासाठी मनाशी भांडावं लागत नव्हतं. ज्यांच्या डोक्यात ही टकळी जन्मात कधी वाजली नाही, त्यांना माझं आधीचं खाणं हावरटपणा वाटलं, तर त्यात नवल नाही.

डोस वाढवल्याच्या आठवड्यात नात्यातलं लग्न आलं. पंगतीत आमच्या आत्या स्वतः जिलेबीचं ताट घेऊन फिरत होत्या. मी पानावर हात आडवा धरला, तर म्हणाल्या, "अगं, माझ्या हातची एक घे. इंजेक्शनं टोचून घेण्यापेक्षा घरचं अन्न खावं माणसानं." पंगतीतल्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "आत्या, औषध वाढवलंय, आज जड खाल्लं तर उलटी होईल. तुमच्या हातचा मठ्ठा द्या, तो दोन वाट्या घेते." त्या क्षणभर थांबल्या आणि मठ्ठ्याचं भांडं मागवून स्वतः वाढून गेल्या. आपल्याकडे आग्रह हे मायेचं रूप आहे. नुसता नकार दिला तर माया दुखावते. "हे नको, ते द्या" म्हटलं की वाढणाऱ्याचा हात रिकामा परतत नाही आणि आपलं पोटही सांभाळलं जातं.

सगळं बोलणं इतकं मायेचं नसतं. आधी ज्यांनी "तोंडावर ताबा नको का?" म्हणून दोष दिला, तेच आता "ताबा नाही म्हणून इंजेक्शन" म्हणतात. वजन होतं तेव्हा वजनाचा गुन्हा होता, आता ते उतरवण्याचा झाला. गालफडं बसली, वय दिसायला लागलं, हेही ऐकवून झालं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला कुणी कधी "आपणहून प्रेशर कमी कर की" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. लठ्ठपणा हा आजार मानला जात नाही, तो स्वभावातला दोष मानला जातो, म्हणून त्याच्या औषधाला लोक लबाडी समजतात.

या बोलण्याची किंमत आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेनं जवळजवळ मोजली होती. तिनं जिममधल्या कुणाकडून तरी इंजेक्शन मिळवलं. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सासरी कळू नये म्हणून फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात तळाशी, कोथिंबिरीच्या पिशवीखाली ते दडवलेलं. पुढे गर्भाशयाच्या गाठीसाठी तिची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली. त्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञांनी विचारलं, "वजन कमी करायचं काही इंजेक्शन घेता का?" सासूबाई शेजारी उभ्या होत्या. ती नाही म्हणाली. नंतर सासूबाई बाहेर गेल्यावर तिनं नर्सला बोलावून खरं सांगितलं आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली.

रात्रभर उपाशी राहिलं तरी या औषधामुळे जठरात अन्न उरलेलं असू शकतं. भूल दिल्यावर ते वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जीवावर बेतू शकतं. तिनं हे मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात सांगितलं तेव्हा तिचे हात थरथरत होते. ती म्हणाली, "ताई, मला मरणापेक्षा टोमण्यांची भीती जास्त वाटली." हे वाक्य कुणाच्याही सुनेच्या, लेकीच्या तोंडी येऊ नये.

म्हणून जे हे औषध घेत आहेत किंवा घ्यायचा विचार करत आहेत, त्यांना काही गोष्टी कळकळीनं सांगते.

जगाला सांगायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा हक्क आहे. शेजारणीला खुलासा द्यायला तुम्ही बांधील नाही. पण तुमच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्य आणि भूलतज्ज्ञ धरून, हे औषध माहीत असलंच पाहिजे. घरातल्या निदान एका माणसालाही नाव, डोस आणि वार ठाऊक असू द्या. रात्री उलट्या थांबेनाशा झाल्या, तर दवाखान्यात तो माणूस तुमच्या वतीनं बोलेल.

जिम, पार्लर, ओळखीतला कुणी, यांच्याकडून हे औषध घेऊ नका. ते चिठ्ठीवरच मिळायला हवं. आधी डॉक्टर काही प्रश्न विचारतात, ते महत्त्वाचे असतात. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला होता का? स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे आहेत का? इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांचं प्रमाण बदलावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते. दिवस राहण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. लग्नाआधी चार किलो उतरवायला हे औषध नाही. सडसडीत मुली माझ्याकडे चौकशी करायला येतात, तेव्हा मी त्यांना स्पष्ट नाही म्हणते.

पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीकडे जाणारी तीव्र कळ आली तर घरी ओवा-हिंग करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ते स्वादुपिंडाचं दुखणं असू शकतं.

भूक मेली म्हणून खाणं सोडू नका. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन घास जात असतील तर पहिला घास मटकीच्या उसळीचा, घट्ट वरणाचा, अंड्याचा, पनीरचा असू द्या. भात नंतर. पाणी आणि ताक विसरू नका. चालण्याच्या जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम हवाच, मग डंबेल असो की पाण्यानं भरलेल्या बाटल्या.

खर्चाचा आणि मुदतीचा विचार पहिल्या दिवशी करा. मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड भारतात आलं, तेव्हा अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांची होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च 2026 मध्ये संपल्यामुळे स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली आहे. पण स्वस्त झालं म्हणून बेत न आखता सुरू करू नका. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं, आणि औषध थांबवलेल्यांचं उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत चढलं. "आता हे आयुष्यभर का?" हा लोकांचा प्रश्न टोमणा म्हणून येतो, पण प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर नातेवाइकांना देऊ नका, डॉक्टरांसोबत बसून शोधा. आणि मधुमेह असेल तर तुमचं वजन इतरांपेक्षा सावकाश उतरेल. मैत्रिणीच्या काट्याशी आपला काटा ताडून बघू नका.

आता थोडं बघणाऱ्यांसाठी. तुमच्या घरात, ऑफिसात कुणी हे औषध घेत असेल, तर त्याला ताबा नाही, आळस आहे, असं म्हणण्याआधी थांबा. तुमच्या एका शेऱ्यानं तो औषध सोडणार नाही, फक्त लपवेल. मग त्याला चक्कर आली, उलट्या झाल्या, शस्त्रक्रिया ठरली, तरी तो तुमच्यापाशी बोलणार नाही. काळजी वाटत असेल तर ती उपयोगाच्या शब्दांत विचारा : डॉक्टरांना माहीत आहे ना? पोटात काही जातंय ना? पुढच्या तपासणीला मी सोबत येऊ का? आत्या हल्ली मला फोन करतात तेव्हा यातला दुसरा प्रश्न आधी विचारतात, आणि मी त्यांना सगळं खरं सांगते.