आधी चित्राची पाठ बघ

मनू, तू पाठवलेले फोटो रात्री मी कितीदा तरी मोठे करून पाहिले. वाडा पुनर्विकासाला दिला, माळा रिकामा केला, आणि जुन्या गाद्यांमागून ही दोन चित्रं निघाली. एक जरीची साडी नेसलेली लक्ष्मी, दुसरं जलरंगातलं नदीकाठचं देऊळ. फोनवर तुझा आवाज कापत होता, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. २०२५ च्या मार्चमध्ये हुसेनांचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात ११८ कोटींना गेलं, त्याच सप्टेंबरात गायतोंड्यांचं चित्र ६७ कोटींवर गेलं, हे तू वाचलं आहेस. त्यात काल दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला: दोन्हींचे मिळून चाळीस हजार, रोख, आत्ताच्या आत्ता.

त्याला नाही म्हणून सांग. चाळीस हजार कमी आहेत असं मला म्हणायचं नाही, कदाचित जास्तही असतील. पण आपल्या घरात काय आहे हे आपल्यालाच अजून माहीत नाही, आणि तो मात्र घाई करतोय. अशा वेळी वस्तू घराबाहेर जाऊ द्यायची नाही. उद्या परत आला तर ‘घरात विचारते’ म्हण आणि दार लाव.

आता लक्ष्मीचं सांगते, म्हणजे तिच्याविषयीची आशा आधीच जमिनीवर येईल. तुझ्या सासूबाई म्हणतात तसं ते ‘रवी वर्मा’ आहे, पण रवी वर्म्यांच्या हातचं नाही. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या चित्रांनी महाराष्ट्रातली देवघरं आणि माजघरं भरली. आपल्या आजोळी ओटीवर सरस्वती होती ना, ती त्यातलीच. भिंग घेऊन लक्ष्मीच्या गालाकडे बघ. ब्रशचे फटकारे दिसणार नाहीत, रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतील. खालच्या काठाला छापखान्याचं नाव असेल तर फारच छान. म्हणजे ते छापील चित्र आहे, कोटींचं नव्हे. तरी जुन्या छापाला गिऱ्हाईक असतं, आणि त्या साडीवर कुणीतरी बाईने खरी जर नि टिकल्या शिवल्यात, ते काम तर त्या एकाच प्रतीवर आहे. म्हणून टिकल्या सुटल्यात म्हणून काढायला जाऊ नकोस, आणि काचेच्या आतून झुरळाची घाण दिसते म्हणून फडका फिरवू नकोस.

माझा जीव अडकलाय तो त्या देवळात.

चित्रकाराच्या सहीतली शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसतायत, बाकीची पुठ्ठ्याच्या चौकटीखाली गेलीत, आणि शेजारी १९३१ असं वाचता येतं. पायऱ्यांवर ओलं धुणं घेऊन चढणारी बाई केवढी, नखाएवढी, पण तिच्या कमरेचा बाक त्याने एका ओघळात धरलाय. हात बसलेला माणूस आहे हा. पण मनू, मला तू चित्राचा समोरचा भाग चार वेळा पाठवलास, मागचा एकदाही नाही. आधी त्याची पाठ बघ. फ्रेम उघडू नकोस, नुसती पालथी घाल आणि उजेडात फोटो काढ. मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल, एखाद्या प्रदर्शनाचं लेबल असेल, पेन्सिलीने लिहिलेलं शीर्षक किंवा किंमत असेल. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची. त्या काळी तिच्या वार्षिक प्रदर्शनात चित्र लागणं ही चित्रकाराच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. तिथलं एखादं जीर्ण लेबल निघालं, तर ते त्या चित्राचा जन्मदाखला समज.

मी हे एवढ्या जीव तोडून का सांगते ते ऐक. बाबांना त्यांच्या मित्राने दिलेलं ते पावसातल्या बाजाराचं चित्र आठवतं ना? त्याच्यावर तांबूस डाग पडले होते म्हणून मी ते आमच्याकडच्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं. ‘नवं करून देतो ताई,’ म्हणाला. त्याने मागचा जुना पुठ्ठा फेकून दिला, चित्र फेव्हिकॉलने प्लायवूडला चिकटवलं, आणि नव्या फ्रेमच्या मापात बसावं म्हणून खालची बोटभर पट्टी कापली. त्या पट्टीत सही होती. मागच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या मित्राने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या चार ओळी होत्या. पुढे मी ते लिलाववाल्यांना दाखवलं तेव्हा तिथल्या मुलीने चित्र उलटं केलं, कोरं प्लायवूड पाहिलं आणि फार मायेने म्हणाली, हे त्यांचंच आहे असं आम्हांला छापता येणार नाही. चित्र तेच होतं. मी स्वतः त्या माणसाला ते आपल्या घरी घेऊन येताना पाहिलं होतं. पण माझं पाहणं कागदावर नव्हतं.

कॅटलॉगमध्ये चित्राखाली बारीक अक्षरांत ओळी असतात बघ: कुणाकडून कुणाकडे गेलं, कधी, कुठल्या प्रदर्शनात लागलं. आपण किंमत वाचतो आणि त्या ओळी सोडून देतो. हुसेनांच्या त्या चित्राचंच घे. १९५४ मध्ये भारतात काम करणाऱ्या एका नॉर्वेच्या डॉक्टरांनी ते विकत घेतलं, पुढे ते ऑस्लोच्या हॉस्पिटलला मिळालं आणि तिथेच भिंतीवर राहिलं. चित्रकाराच्या हातापासून लिलावाच्या मंचापर्यंत मध्ये एकही अंधारी जागा नाही. चित्र थोर आहेच, पण घेणारा निर्धास्तपणे हात वर करू शकला त्यात या साखळीचा वाटा होता. याच्या उलट, २००९ मध्ये दिल्लीत रझा स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला पाहुणे म्हणून गेले, आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीत हे त्यांनाच सांगावं लागलं. चित्रकार हयात होता म्हणून ते कळलं. तुझ्या देवळाचा चित्रकार येऊन काही सांगणार नाही.

पाठीचा फोटो मिळाला की पुढचं, मागचं, सहीचं, आणि फ्रेम सोडून आतल्या कागदाचं माप, एवढं दोन-तीन लिलावसंस्थांना पाठव. एकीवर थांबू नकोस. त्या अंदाज देतात, अमुक ते तमुक असा. मग येतो रिझर्व्ह, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही असा गुपित आकडा. इथे हौस आड येते. आपल्याला वाटतं, आपल्या घरातली वस्तू आहे, उंच आकडा लावावा. लावू नकोस. बोली रिझर्व्हपर्यंत पोहोचली नाही की चित्र न विकलेलं परत येतं, आणि ‘हे पडून राहिलं’ हे बाजारातल्या सगळ्यांना माहीत होतं. मग वर्षानुवर्षं ते पुन्हा काढायची सोय राहत नाही. थोड्या खालच्या आकड्याने सुरुवात झाली की चार माणसं बोली लावायला धजतात, आणि भाव तीच चढवतात. करारावर सही करण्याआधी त्यांचं कमिशन, विमा, फोटो, वाहतूक आणि न विकल्यास काय आकारणार, हे सगळं लिहून माग. पैसे घेणाऱ्याने भरल्यावरच तुझ्या हातात येतात, तेव्हा बिल्डरचा हप्ता त्या तारखेवर ठेवू नकोस.

कराचं तुझ्या सीएला विचार. चित्र म्हणजे घरगुती सामान, त्याला कर कसला, असं कुणी सांगेल. ते २००७ च्या आधीचं झालं. आता चित्र विकून नफा झाला तर तो भांडवली नफा धरतात.

आणि तुझा दीर म्हणतो तसं लक्ष्मीला बॅगेत घालून न्यूजर्सीला मुळीच न्यायचं नाही. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपलीकडची कलावस्तू पुरावस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. आपल्या लक्ष्मीचं वय तेवढं सहज असेल. रवी वर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा नऊ चित्रकारांची मूळ कामं तर वय न बघताही बाहेर जात नाहीत.

तू म्हणालीस, आलेल्या पैशातून स्वतःसाठी एखादं छोटं चित्र घेईन. हे ऐकून मला किती बरं वाटलं सांगू! घे. पण ज्या लिलावातून घेशील त्याचं प्रदर्शन आधी पायी जाऊन बघ. स्क्रीनवर सगळेच निळे सुंदर दिसतात. संस्थेकडे चित्राच्या स्थितीचा अहवाल मागितला की मिळतो. डाग, फाटलेलं, नव्याने रंगवलेलं, सारं त्यात असतं. आणि हिशेब हातोड्याच्या आकड्यावर करू नकोस. आपल्याकडे त्यावर घेणाऱ्याचा प्रीमियम साधारण वीस टक्के असतो, शिवाय जीएसटी. म्हणजे पाच लाखांवर हातोडा पडला की तुझे सहा लाखांहून वर गेले.

हे सगळं धरून तुला परवडेल तो शेवटचा आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहून माझ्याकडे पाठव. ऑनलाइन लिलावात शेवटच्या मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ वाढतो, पुन्हा लावली की पुन्हा वाढतो, आणि रात्री पावणेदहाला त्या पळत्या आकड्यांपुढे बसल्यावर ते चित्र आपलंच आहे आणि कुणीतरी हिसकावून नेतंय असं वाटायला लागतं. त्या क्षणी मी फोनवर असेन. आकडा ओलांडलास तर मी थांब म्हणेन, आणि तू थांबायचं.

पण हे सगळं पुढचं. आज करायचं काम वेगळं आहे. तुझ्या आतेसासूबाई त्या वाड्यात जन्मल्या. ते देऊळ कुणी आणलं, कुठल्या भिंतीवर होतं, चित्रकार कधी घरी जेवायला आला होता का, हे आता सांगणारं तेवढं एकच माणूस उरलंय. कुठल्या तरी लग्नाच्या किंवा मुंजीच्या जुन्या फोटोत मागच्या भिंतीवर ते चित्र लागलेलं दिसतंय का, तेही त्यांच्या ट्रंकेत शोध. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, खाली तारीख घाल, त्यांची सही घे. सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. संध्याकाळच्या आत जाऊन ये.