मुलांना धम्म कोणी शिकवावा?

उपासक-उपासिकांनो,

आपण दीक्षा घेतली. देव्हारा गेला, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. आता मूल तिसरी-चौथीत गेले की प्रश्न पडतो : याला धम्म शिकवणार कोण?

शाळा शिकवणार नाही. राज्यघटनेच्या कलम २८ प्रमाणे, पूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि हे आपल्या हिताचेच आहे. म्हणून ही जबाबदारी विहारावर व घरावर येते.

प्रथम जवळच्या विहारात चौकशी करा. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा बौद्धाचार्य तयार करते; त्यांना विचारा. शिकवणारा भिक्खूच असला पाहिजे असे नाही. वस्तीतली शिकलेली सून किंवा कॉलेजात जाणारी मुलगीही रविवारी तासभर दहा मुलांना घेऊन बसू शकते. मात्र मूल हवाली करण्यापूर्वी एक दिवस स्वतः मागे बसून पाठ ऐका आणि दोन कसोट्या लावा.

पहिली कसोटी : मुलाने 'का?' विचारले तर काय होते? सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हेच विचारून पाहा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, असे उत्तर सर्रास मिळते. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मृत माणूस पाहिलाच नसेल काय, अशी शंका खुद्द बाबासाहेबांनी घेतली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला वाद हे कारण मांडले आहे. पाण्याचे भांडण आपल्या मुलांना सहज समजते. तेथून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत त्यांना नेता येते. ज्याने ग्रंथ वाचला आहे तो मुलाच्या शंकेला घाबरत नाही. 'गप्प बस, पाठ कर' म्हणणारा शिक्षक नको. वंदना पाठ व्हावीच, पण पंचशीलातील प्रत्येक शीलाचा अर्थ मुलाला आपल्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

दुसरी कसोटी : शिकवणाऱ्याचे शील. पाचवे शील शिकवून सायंकाळी गुत्त्यावर दिसणारा माणूस मुलाच्या मनातून धम्मच उतरवतो. खोटे बोलू नये हे राहुलाला शिकवताना भगवंतांनी भांड्यात उरलेले थोडे पाणी दाखवले, ते ओतून टाकले, भांडे उपडे केले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच थोडे, टाकून दिलेले आणि पालथे झालेले असते, हे त्यातून सांगितले. मुलांना असे शिकवावे लागते. धाकाने नव्हे, नरकाच्या भीतीने तर नव्हेच.

आणि पालकहो, तिसरी कसोटी आपली स्वतःची आहे. विहारात मूल बावीस प्रतिज्ञा म्हणते आणि घरी आजारपणात अंगारा लावला जातो, नवस बोलला जातो. मग मुलाने कोणाचे खरे मानावे? रविवारचा एक तास आठवड्याच्या सहा दिवसांना पुरा पडत नाही. रात्री जेवणानंतर मुलाला विचारा, 'आज काय शिकलास?' आईला वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. मूल सांगेल, आपण ऐकावे, आणि जे ऐकले तसे घरात वागावे.

चांगला शिक्षक शोधाच. पण मूल आपल्याकडेही पाहत आहे, हे विसरू नका.

जय भीम!