घाटावरच्या माणसाने दर्यात उतरण्यापूर्वी

गेल्या फाल्गुनात आम्ही काही सोलापूरकर मंडळी मालवणच्या बाजूला लहान होडीतून समुद्रावर मासे धरण्यास गेलो होतो, त्या सफरीची एक आवृत्ती आमच्या पेठेत सध्या प्रचलित आहे आणि तीत मी भित्रा, किरकिऱ्या व प्रश्न विचारून लोकांची हौस नासवणारा गृहस्थ म्हणून वावरतो. ही आवृत्ती मूळची होडीच्या मालकाची; शेजारच्या अण्णांनी ती तिखटमीठ लावून सोलापुरात आणली आणि हुरड्याच्या बैठकीत तिला लोकमान्यता मिळाली. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवलेल्या माणसाला एकतर्फी जबानीवर लागलेला निकाल रुचत नाही. म्हणून माझी कैफियत येथे दाखल करतो, आणि ज्यांना ही हौस पुढेमागे करावयाची आहे त्यांच्या उपयोगी पडेल असे जे काही पदरमोड करून कळले, तेही ओघात सांगतो.

अण्णांची सारी विद्या गोड्या पाण्याची. हिप्परग्याच्या तलावाकाठी छत्री उघडून मरळीची वाट पाहत बसावे, सुट्टीच्या दिवशी उजनीच्या फुगवट्यावर जाऊन चिलापी किंवा वांब आणावी, एवढ्यावर ज्याचे आयुष्य गेले त्याने ‘पाणी ते पाणी’ असा सिद्धान्त मांडावा यात नवल नाही. वास्तविक हा सिद्धान्त उजनीनेच खोटा पाडलेला आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये ये-जा करणारी होडी वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा माणसे बुडाली, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागू नये. अडवलेल्या नदीची ही तऱ्हा, तर ज्याला पैलतीरच नाही त्या पाण्याविषयी किती विचारपूस करावी!

मी ती केली, आणि तोच माझा गुन्हा ठरला. इसाऱ्याची निम्मी रक्कम पाठवण्यापूर्वी मी मालकाला फोन करून विचारले की, होडी किती वाजता सुटणार व कधी परतणार, माणशी एक लाइफ जॅकेट आहे काय, इंजीन बंद पडल्यास दुसरे साधन कोणते, नांगर आहे काय आणि त्याचा दोर किती वाव. वेळेचे उत्तर तेवढे त्याने दिले: पहाटे पाचला निघू. बाकीच्या प्रश्नांना, “सगळा आसा, तुमी फकत येवा,” एवढे एकच उत्तर मिळाले, आणि अण्णांना ते मायेचे वाटले. मला विचाराल तर, तपशील मागितल्यावर जो माणूस माया दाखवतो त्याच्या होडीत पाय ठेवू नये. ज्याच्यापाशी दोर असतो तो दोराची लांबी सांगतो.

पहाटे पाचचा मुहूर्त मी पंचांगावरून ताडून पाहिला होता. भरतीचे गणित कोकणात तिथीवरून मांडतात व ते मुळीच अवघड नाही: तिथीचा आकडा पाऊणपट करावा, म्हणजे पूर्ण भरती साधारण किती वाजता येईल ते निघते, आणि तेथून सुमारे सहा तासांनी सुकती पूर्ण होते. आमची सफर वद्य सप्तमीची. सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणजे पहाटे सव्वापाचला भरती आणि साडेअकराच्या सुमारास सुकती. होडी खाडीतून निघणार होती, आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा साचलेला असतो, ज्यावरून भरतीच्या पाण्यात होडी सुखाने जाते, पण सुकतीच्या वेळी त्याच जागी लाटा उभ्या राहून फुटू लागतात. शिवाय पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तो मवाळ, आणि दुपार चढली की वायव्येकडून उलटा वारा सुटतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर चांगलाच दांडगा. कोकणातले गरीब मच्छीमार अंधारात निघून दुपारच्या आत किनाऱ्याला लागतात, ते हौसेखातर नव्हे.

मालक नऊ वाजून गेल्यावर आला. आदल्या रात्री दशावताराला जागरण झाले, असा खुलासा त्याने हसत केला. मी त्याला भरतीचे गणित सांगितले तेव्हा त्याने अण्णांकडे पाहून डोळा बारीक केला, आणि अण्णाही हसले. त्या हसण्याचा विसर मला पडलेला नाही.

मग जॅकेटांचा प्रश्न निघाला. फळीखालून त्याने दोन बाहेर काढली. एकाच्या खांद्यातला फेस उंदरांनी कुरतडून त्याचा पिवळा भुसा केला होता. दुसऱ्याच्या पट्ट्याचा खटका एका बाजूला शाबूत होता, पण जोडीचा अर्धा गळून गेल्यामुळे तेथे कोणीतरी सुतळीची गाठ मारून ठेवली होती. आम्ही सहा जण आणि मालक सातवा. उरलेली कोठे, असे मी विचारताच तो म्हणाला की पाहुणे ती घालीत नाहीत, ओल्या फळीवर बसण्यापुरती घेतात, आणि तेवढ्याला दोन पुष्कळ झाली. येथेच मी खाली उतरत होतो. “जाऊ द्या हो भाऊसाहेब, एवढ्या लांब आलोय तर बसा,” असे म्हणून अण्णांनी माझा हात धरला, आणि हा हात धरण्याचा प्रसंग त्यांच्या आवृत्तीत कोठेही नाही, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

जाताना होडी दांड्यावरून निघाली ती तळाशी वाळू घासत. पुढचा तास-दीड तास, खोटे कशाला बोलू, बरा गेला. किनाऱ्यावरचे माड आखूड झाले, सिंधुदुर्गाचा तट दुरून धूसर दिसू लागला, गळाला काही बांगडे आणि एक सौंदाळा लागला. आमच्यातल्या दोघांना मळमळ सुरू झाली. त्यावरचा उपाय किनाऱ्यावरच करावयाचा असतो: आदल्या रात्री तिखट रस्सा ओरपू नये, पण पोट रिकामेही ठेवू नये, प्रवासात लागणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी, उलटी झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, आणि होडीत मध्यावर बसून नजर क्षितिजाला लावावी, गळाच्या गाठी पाहत खाली मान घालून बसू नये. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आम्ही नेली होती. पैकी भाकरी कामी आली, चटणीचे नाव काढताच एकाने होडीबाहेर मान काढली.

साडेअकराच्या सुमारास वारा फिरला आणि इंजीन बंद पडले. मालकाने दोरी ओढली, पुन्हा ओढली, रॉकेलचा डबा हुंगला, बूच काढून फुंकर मारली. इंजीन थांबताच होडी आपण होऊन लाटांना आडवी झाली व दोन्ही अंगांनी डोलू लागली. वल्हे एकच होते, तेही वाळूतून होडी ढकलण्याचे. मी नांगराचे नाव काढले तेव्हा त्याने तो उचलून फेकला. दोर सुरसुरत गेला, आणि नाळेतल्या कडीला बांधलेले त्याचे टोक खट्कन ताणून थांबले. मी कडेला वाकून पाहिले. दोर गवंड्याच्या ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबत होता.

ज्यांना नांगराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहान होडीचा नांगर नुसत्या वजनाने होडी धरीत नाही, तो तळात रुतून धरतो, आणि रुतण्यासाठी त्याला आडवी ओढ लागते. म्हणून पाण्याची जेवढी खोली असेल तिच्या निदान पाचपट आणि वारा असल्यास सातपट दोर सोडावा लागतो. तेथे आठ वाव पाणी होते असे खुद्द मालकच मघाशी म्हणाला होता. चाळीस ते छप्पन्न वाव दोराची गरज, आणि याच्यापाशी दहा वावही नसावा. पण मला धक्का बसला तो दोराच्या लांबीने नव्हे. मी मालकाच्या तोंडाकडे पाहिले. तेथे भीती नव्हती, शरम नव्हती, होते ते निव्वळ कुतूहल. नांगर टाकूनही होडी वाहत का जाते, हे तो आमच्याइतक्याच नवलाने पाहत होता. ज्याला दर्याची सात पिढ्यांची ओळख होती त्या माणसाने आपल्या होडीचा नांगर खोल पाण्यात त्यापूर्वी एकदाही टाकलेला नव्हता, हे मला त्या क्षणी लख्ख कळले, आणि फोनवर मिळालेल्या त्या एका उत्तराचा अर्थही कळला.

वारा आम्हांला आग्नेयेकडे, किनाऱ्याच्या दिशेने नेत होता. ऐकणाऱ्याला ही सुवार्ता वाटते. पण त्या बाजूला पाण्याखाली खडक आहेत व त्यांवर फुटणारा पांढरा फेस हळूहळू स्पष्ट होऊ लागला. तो पाहण्यासाठी सारी मंडळी एकदम उठून एका अंगाला आली, आणि कड पाण्याला टेकली. तेव्हा मी ओरडलो. होय, ओरडलो, आणि ‘भाऊसाहेब किंचाळले’ हा जो मजकूर पेठेत फिरतो त्याचा उगम येथे आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडून सहाशेंहून अधिक प्रवासी गेले, त्या दुर्घटनेच्या हकीकतींत घाबरलेले उतारू एका बाजूला धावल्याचे सांगितले जाते. आगबोटीची ती गत, तर आमच्या होडीने काय करावे? लहान होडीत उभे राहू नये, जागा बदलायची झाल्यास एकेकाने, वाकून, मध्यावरून बदलावी, आणि हे निघण्यापूर्वी सर्वांना बजावून ठेवावे. वेळ आल्यावर सांगणाऱ्याला ओरडावे लागते.

जाळी काढून परतणाऱ्या एका होडीच्या तांडेलाने आम्हांला पाहिले, दोर टाकला आणि सुकती उलटून दांड्यावर पाणी चढेपर्यंत थांबवून मग खाडीत ओढून नेले. त्याने आमच्या नांगराकडे एकदा पाहिले, मालकाकडे एकदा पाहिले, आणि पैसे घेण्याचे नाकारले. आमच्या मालकाने मात्र धक्क्यावर पाय ठेवताच उरलेली रक्कम मागितली, वर जळालेल्या रॉकेलाची निराळी, आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “घाटावरली माणसा एका बाजूक बसली, म्हणान इंजीन बंद पडला.” अण्णांनी पैसे दिले. संध्याकाळी त्याने सोलकढी पाठवली, तेव्हापासून अण्णांच्या लेखी तो दिलदार माणूस आहे.

आता व्यवहाराचे. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खाते देते, प्रवासी नेण्याचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडून मिळतो. पहिला दाखवून दुसऱ्याचे काम भागवणारे पुष्कळ आहेत, तेव्हा कागद हातात घेऊन वाचावा. इसारा देताना निघण्याची वेळ, माणसांची संख्या व जॅकेटांची संख्या लिहून घ्यावी, आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात होडी न सुटल्यास रक्कम परत, असा स्पष्ट करार करावा. जॅकेट अंगात घालून, खटके लावून, खांद्याला धरून कोणाकडून तरी वर ओढवून पाहावे. कानांपर्यंत सरकले तर ते आपले नव्हे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर मालक काहीही म्हणो, मुक्कामावर पत्ते खेळावे. पावसाळी बंदी १ जूनपासून लागू होते हे सर्वांना ठाऊक असते, पण पावसाळा संपला म्हणजे भय संपले असे नाही. ‘फयान’ चक्रीवादळ कोकणात आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आदल्या रात्री आणि निघताना असा दोनदा पाहावा.

मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा, परंतु किनाऱ्यापासून काही अंतर गेल्यावर त्याचा भरवसा नसतो. होडीवर वायरलेस असल्यास संकटाची हाक १६ क्रमांकाच्या चॅनेलवर देतात, आणि तटरक्षक दलाचा फोन १५५४. त्याहून साधी गोष्ट म्हणजे कोठे जातो व किती वाजेपर्यंत परतणार, हे किनाऱ्यावरच्या एका शहाण्या माणसाला लिहून द्यावे. आम्ही हरवलो असतो तर लॉजच्या मॅनेजरखेरीज कोणाला पत्ता नव्हता आणि तो दुपारी झोपतो. पिण्याचे पाणी माणशी तीन लिटर, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, दोरीची टोपी, शिट्टी, विजेरी, सुरी. अंगठ्या काढून ठेवाव्या.

गळाला जे लागेल ते हाताने धरू नये, हे अण्णांनाही पटले आहे, कारण शिंगाळ्याचा काटा त्यांनाच लागला. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. जखमी भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवल्यास वेदना उतरते, मग डॉक्टर. फुगून चेंडू होणारा केंड लागला तर परत सोडावा, तो खाण्याचा मासा नव्हे.

अण्णा नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जाणार आहेत, त्याच होडीतून. त्यांनी इसाराही पाठवला आहे. मला आग्रह झाला, तो मी नामंजूर केला. मात्र शेजारधर्म म्हणून मंगळवार पेठेतून साठ वाव नायलॉनचा दोर त्यांना आणून दिला आहे, आणि त्याची पावती माझ्या नावाची आहे.