मेमरी कार्डातले चित्र किती टिकते?

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई भरते, रात्री दंडार होते. माझ्या आजोबांची दंडार मामानं मोबाईलवर टिपली आणि कार्ड पेटीत ठेवून दिलं. आजोबा वारले. पुढे सहा वर्षांनी कार्ड लावलं, तर अर्धी दंडार उघडेचना!

असं का होतं ते गुरुजींनी सांगितलं. कार्डात अतिसूक्ष्म कप्पे असतात. त्यांत विजेचा भार कोंडलेला असतो. तीच चित्राची खूण. कार्ड नुसतं पडून राहिलं तर भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत जास्तच, आणि आपला उन्हाळा तर ठाऊकच आहे! म्हणून नकला दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात, दरवर्षी उघडून पाहाव्यात. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आज पूर्ण पाहायला मिळत नाही.

उरलेली अर्धी दंडार मामानं आता संगणकावर उतरवली आहे, आणि एक नक्कल आमच्याकडे दिली.