गावाचे वृत्तपत्र कोणी चालवावे? – 'खबर लहरिया'चा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

वृत्तपत्र हा लोकशाहीचा चौथा आधारस्तंभ आहे, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात लिहिलेले आहे. परंतु हा स्तंभ नेमक्या कोणाच्या घराला आधार देतो, हा प्रश्न त्या निबंधात कधी येत नाही. मोठी दैनिके जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचतात. तालुक्यापाशी त्यांची गती मंदावते आणि वाडी-वस्तीपर्यंत येईतो बहुधा थांबतेच. तेथील बातमी छापून येते ती खून, अपघात किंवा मंत्र्याचा दौरा असेल तरच.

मी लहान गावातून येते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी आमच्या गावाची सकाळची गाडी बंद झाली आणि माझ्याबरोबर बारावी झालेल्या दोन मुलींचे शिक्षण तेथेच संपले. ही गोष्ट कोठेही एका ओळीने छापून आली नाही. त्याच आठवड्यात तालुक्याच्या एका साप्ताहिकाचे पहिले पान पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांनी भरलेले होते. पण साप्ताहिक चालविणाऱ्याला नुसता दोष देऊन काय होणार? त्याच्या कागदाचा आणि छपाईचा खर्च त्या शुभेच्छांतूनच निघतो. म्हणजे मूळ प्रश्न असा की, ज्यांच्याजवळ जाहिरातीला पैसा नाही अशा लोकांचे वृत्तपत्र कोणी आणि कशाच्या बळावर चालवावे? या प्रश्नाचे एक उत्तर उत्तर प्रदेशातील 'खबर लहरिया' या पत्राने दिले आहे. त्याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

उगम

उत्तर प्रदेशातील चित्रकूट आणि बांदा हे बुंदेलखंडातील कोरडवाहू, दुष्काळाने गांजलेले जिल्हे. येथे १९९० नंतरच्या दशकात 'महिला समाख्या' या शासकीय कार्यक्रमातून प्रौढ स्त्रियांना अक्षरओळख होऊ लागली. नुकत्याच वाचू लागलेल्या या स्त्रियांनी 'महिला डाकिया' नावाचे एक पत्रक काढले. ते पुढे बंद पडले. पण लिहिण्याची लागलेली गोडी बंद पडली नाही. दिल्लीच्या 'निरंतर' या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने मे २००२ मध्ये चित्रकूट जिल्ह्यातील करवी येथून 'खबर लहरिया' सुरू झाले. 'लहरिया' म्हणजे लाटा, बातम्यांच्या लाटा! भाषा बुंदेली, किंमत दोन रुपये. बातमी आणणे, लिहिणे, संपादन, पानांची मांडणी आणि शेवटी अंक विकणे ही सर्व कामे स्त्रियांनीच केली. त्यांतील बहुसंख्य दलित व इतर वंचित समाजांतील होत्या. पुढे संपादकपदी पोहोचलेल्या कविता देवी यांचे लग्न लहानपणीच झाले होते आणि त्यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले ते साक्षरता केंद्रात.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. बांदा जिल्ह्यातून १९९७ साली हा नवा जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याचे नाव 'छत्रपती शाहूजी महाराज नगर' असे ठेवले होते. १९९८ मध्ये ते बदलून 'चित्रकूट' झाले. हेच ते कोल्हापूरचे शाहू महाराज, ज्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेले 'मूकनायक' १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत'ही पैशाच्या अडचणीत सापडून १९२९ मध्ये थांबले. विचार तेजस्वी असूनही पत्र जगतेच असे नाही, हा धडा आपल्याच इतिहासात आहे.

पैशाचा प्रश्न

'ना-नफा' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. नफा नाही म्हणजे खर्च नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. बातमीदाराला मानधन लागते, प्रवासाला पैसे लागतात, छपाईचे बिल थकले तर अंक निघत नाही. फरक एवढाच की, उरलेला पैसा मालकाच्या खिशात न जाता पुन्हा पत्रातच जातो. दोन रुपयांत हा खर्च निघणे शक्य नव्हते. म्हणून संस्थेचे साहाय्य आणि देणग्या यांवर पत्र चालले.

मग अंक फुकटच का वाटू नये? माझ्या मते या दोन रुपयांचे मोल हिशेबाच्या वहीत मावणारे नाही. फुकट मिळालेला कागद माणूस पुडी बांधायला घेतो; विकत घेतलेल्या अंकात चूक दिसली तर तो जाब विचारतो. जाब विचारणारा वाचक हीच अशा पत्राची खरी मालमत्ता होय.

देणगीलाही दुसरी बाजू आहेच. जाहिरातदार जसा मजकुरावर दडपण आणू शकतो, तसा देणगीदारही आणू शकतो. शिवाय देणगीची मुदत संपते तेव्हा काय? म्हणून अशा पत्राच्या प्रमुखाला पैशाच्या वाटा एकाहून अधिक ठेवाव्या लागतात आणि कोणाचा किती पैसा आला हे उघडपणे सांगावे लागते. 'खबर लहरिया'नेही वाट बदलली. २०१५ च्या सुमारास छापील अंक थांबले आणि 'चंबळ मीडिया' या नव्या कंपनीच्या छत्राखाली मोबाईलवर दिसणाऱ्या चित्रफिती सुरू झाल्या. अलीकडे वाचकांकडून वर्गणीही घेतली जाते. म्हणजे आरंभीचा ना-नफा साचा जसाच्या तसा टिकला नाही. टिकल्या त्या बातमी आणणाऱ्या स्त्रिया.

संपादकाचे काम

या पत्राचा अभ्यास करताना संपादकपणाविषयी माझ्या मनात तीन गोष्टी ठसल्या.

पहिली भाषेची. बुंदेलीत छापणे ही केवळ हौस नव्हती. हातपंप, रेशन, मजुरी यांविषयी माणूस ज्या भाषेत भांडतो, त्याच भाषेत बातमी आली तर ती त्याला आपली वाटते. पुढे अवधी, भोजपुरी, बज्जिका या भाषांतही आवृत्त्या निघाल्या. २०१२ साली सर्व आवृत्त्यांचा मिळून खप सुमारे सहा हजार होता. पण एक अंक अनेकांत वाचला जाई, त्यामुळे वाचक ऐंशी हजारांच्या घरात असल्याचे पत्र सांगत असे.

दुसरी गोष्ट खरेपणाची. शहरातील बातमीदार लिहून निघून जातो. येथे मात्र जिने बातमी लिहिली तिलाच तो अंक घेऊन त्याच गावात विकायला जायचे असे. सरपंच, रेशन दुकानदार, पोलीस सगळे समोर भेटणार! अशा वेळी ऐकीव गोष्ट छापून कसे चालेल? म्हणून पीडिताचे म्हणणे जितके आवश्यक, तितकेच अधिकाऱ्याचे उत्तरही आवश्यक. याच निष्पक्षतेची कसोटी पुढे वेगळ्या रीतीने लागली. या पत्रावरील 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या अंतिम यादीत गेला. सारे जग कौतुक करीत असताना पत्राने जाहीर निवेदन काढले की, चित्रपट प्रभावी असला तरी आमचे वार्तांकन एकाच पक्षाभोवती फिरते असे त्यात दिसते आणि ते अपुरे आहे. कौतुकाच्या भरात आपली प्रतिमा दुरुस्त करून मागणे सोपे नसते.

तिसरी गोष्ट सहकाऱ्यांच्या रक्षणाची. २०१५ साली एका माणसाने या बातमीदार स्त्रियांना कित्येक महिने फोनवरून छळले. तक्रारी होऊनही दाद लागेना. अखेर त्यांनी स्वतःची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा कोठे त्याला अटक झाली. दुसऱ्यांच्या तक्रारी छापणाऱ्यांना स्वतःची तक्रार छापावी लागली, यातच सारे आले. अशा पत्राच्या प्रमुखाने मजकुरावरील लाल शाईइतकीच काळजी बाईमाणूस अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचली की नाही याची घेतली पाहिजे.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. २००४ मध्ये चमेली देवी जैन पुरस्कार, २००९ मध्ये युनेस्कोचा किंग सेजाँग साक्षरता पुरस्कार. हा दुसरा पुरस्कार साक्षरतेचा आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अक्षरे शिकलेला माणूस ती वापरण्यासाठी काही नसले तर विसरतो. माझी आई रात्रीच्या वर्गात सही शिकली, पण पुढे वाचण्यासारखे तिच्या हाती काही आले नाही. सहीपाशीच तिचे शिक्षण थांबले.

आपण काय करू शकतो?

लगेच वृत्तपत्र काढा, असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या महाविद्यालयाचे भित्तिपत्रक आहे. त्यावर आपण वर्षानुवर्षे जयंत्या, पुण्यतिथ्या आणि सुविचार लावत आलो. त्याचा एक रकाना गावांच्या बातम्यांना द्यावा. आपल्या वर्गात निरनिराळ्या गावांची मुले-मुली आहेत. प्रत्येकाने महिन्याला एकच बातमी आणावी : शाळेत किती शिक्षक आहेत, दवाखाना किती दिवस उघडा होता, मजुरी किती दिवसांनी मिळाली. खाली स्वतःचे नाव लिहावे. संबंधिताचे उत्तर घेतल्याशिवाय बातमी लावू नये, आणि चूक झाली तर त्याच जागी दुरुस्ती लावावी. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवावी. खर्च कागदाचा आणि शाईचा. तो आपण वर्गणीतून सहज काढू.

प्राध्यापकांना विनंती एवढीच की, त्यांनी शुद्धलेखनाआधी बातमीचा खरेपणा तपासावा. शुद्धलेखन आम्ही हळूहळू शिकू.