आधी इंजेक्शन, मग बाकी

ओतूर, ता. जुन्नर

चि. सायलीस मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरी आहे, बरी आहे’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून पत्र. काल कळलं की तुमच्या प्राणी बचाव केंद्रातल्या माकडाच्या पिल्लाने तुझ्या मनगटाला चावा घेतला आणि तू नुसती हळद दाबून पुन्हा कामाला लागलीस. खरं आहे का हे? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं बीपी तुला माहीत आहे.

पिल्लू लहान होतं, असं मला सांगू नकोस. रेबीज पिल्लाचं वय बघत नाही, आणि लक्षणं दिसू लागली की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, वर हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. जनावरांत काम करणाऱ्यांनी लस आधीच घेऊन ठेवायची असते. ती झाली असेल तर चावल्यावर दोन डोस पुरतात. तुझी झाली आहे का? कोणी नीट सांगतच नाही मला. उशीर झाला असला तरी आज जा.

आणि तो स्टेटसवरचा फोटो. पिल्लू तुझ्या गळ्याला मिठी मारून बसलंय, गोड दिसतंय, कबूल. पण त्याला पुढे टोळीत सोडायचं आहे ना? माणसाची सवय लागलेलं माकड रानात टिकत नाही. गावात येतं, हातातलं हिसकावतं आणि दगड खातं. पाजायचं तेवढं पाज, माया आवर.

गेल्या ऊसतोडणीला आपल्या शेजारच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं निघाली. पाचटात एकमेकांवर पडलेली, डोळे नुकते उघडलेले. मुकादमाने कोयते थांबवले. एक बाई पदराखाली घ्यायला निघाली होती, तिला वनरक्षकाने अडवलं. डॉक्टरांनी तपासलं, अंधार पडायच्या आत क्रेटमध्ये घालून पिल्लं होती त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना हाकललं. रात्रीत आईने एकेक करून दोन्ही नेली. पोरकी वाटणारी सगळी पोरकी नसतात, बाळा. त्या दिवशी कोणी घरी नेली असती तर आज ती माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जन्मभरासाठी गजांआड असती.

मलाही वनखात्यात जायचं होतं, हे तुला कोणी सांगितलं नसेल. दादा म्हणाले, शेत कोण बघणार? मी गप्प बसलो, एकदाही तोंड उघडून मागितलं नाही. अजून वनखात्याची जीप गेली की मी बांधावर उभा राहून बघतो. म्हणूनच तू नोकरी सोडून तिकडे निघालीस तेव्हा ताईशी मी भांडलो. म्हटलं, जाऊ दे पोरीला. आता तुला काही झालं तर ताईला कोणतं तोंड दाखवू? इंजेक्शन घे गं.

फार बोललो. ताई सांगत होती, तू रात्री दर दोन तासांनी उठून पिल्लांना दूध पाजतेस. शाळेसाठी उठवताना तुझ्या तोंडावर तांब्यातलं पाणी शिंपडावं लागायचं, आठवतं? ताईचं ते ऐकून मी उठून बाहेर गेलो. तिच्यासमोर डोळे पुसायचे नव्हते. तुझं काम मोठं आहे. ते सोड असं मी कधीच म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला म्हणूही देणार नाही.

केसपेपरचा फोटो माझ्या नंबरवर पाठव, ताईच्या नको. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. डोसच्या तारखा कळव. एखादा डोस सुट्टीत आला तर सरळ घरी ये, मी स्टँडवर घ्यायला येतो, दवाखान्यात तुझ्याबरोबर बसतो. मामी मासवड्या करणार आहे. जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा