घरातील मुंग्यांचा बंदोबस्त

पावसाळा लागला की मंगरूळपीर तालुक्यातील मातीच्या घरांत मुंग्यांच्या रांगा गुळाच्या डब्यापर्यंत पोहोचतात. अशा वेळी शेतातील कीटकनाशक भुकटी चुलीजवळ टाकणे फार घातक होय, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी घरोघर सांगावे. एके काळी सर्रास वापरात असलेल्या बी. एच. सी. भुकटीवर केंद्र सरकारने १९९७ साली बंदी घातली, ती उगीच नव्हे.

मुंगी चालताना वासाची खूण सोडीत जाते व मागच्या मुंग्या त्याच वाटेने येतात. म्हणून रांग नुसती झाडू नये. साबणाच्या पाण्याने वाट पुसावी. हळदीची रेघ ओढल्यास मुंग्या पुष्कळदा वाट बदलतात, पण वारूळ कायम राहते. त्याकरिता एक पेला कोमट पाण्यात अर्धा पेला गूळ व चहाचा अर्धा चमचा टाकणखार विरघळवून, त्यात भिजविलेला घरच्या कापसाचा बोळा रांगेजवळ ठेवावा. मुंग्या तो रस वारुळात नेऊन राणीला भरवितात. टाकणखार जास्त झाल्यास मुंगी वाटेतच मरते व राणी वाचते. गुण येण्यास आठवडा, कधी अधिकही लागतो. टाकणखारही पोटात गेल्यास अपायकारक आहे. तो बोळा मुलांच्या व कोंबड्यांच्या वाटेत नसावा.

फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात व पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्या जाऊन डास येतील. रांग थांबल्यावर भिंतीतील भेगा शेणमातीने लिंपून घ्याव्यात.